दिवाळी ते रथसप्तमी : सायकलसाठी पायांत ताकद भरण्याचे दिवस

चढावर सायकल थांबली की आपण म्हणतो, दम पुरला नाही. बिनगिअरच्या सायकलवर तरी खरं कारण पुष्कळदा वेगळं असतं. श्वास अजून हाताशी असतो, पण पायडल खाली ढकलायला मांडीत जोर उरलेला नसतो. चढावर प्रत्येक फेऱ्याला जेवढा दाब द्यावा लागतो, तेवढा सपाटीवर कधी द्यावाच लागत नाही. म्हणून सपाट रस्त्यावर कितीही किलोमीटर काढले तरी पायांना त्या दाबाची सवय होत नाही. ती ताकद वेगळी कमवावी लागते, आणि आपल्या नगरकडच्या हवेत ती कमवायला दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांसारखे दिवस नाहीत.

हिवरे बाजार आणि आसपासच्या गावांतून शाळा-कॉलेजला सायकलने जाणारी मुलं-मुली, रविवारी नगरहून साधारण सतरा किलोमीटर सायकल मारत हे गाव पाहायला येणारे नोकरदार आणि पन्नाशीत पुन्हा सायकलवर बसलेले शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे. यांतल्या बहुतेकांकडे जिम नाही. तिची गरजही नाही. एक ओटा, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, पाठीवरची सॅक आणि आठवड्यातले दोन वार एवढ्यावर काम भागतं.

हिवरे बाजारचं नाव मी मुद्दाम घेतो. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे दुष्काळी गाव होतं, कामासाठी माणसं बाहेर जात होती. श्रमदानातून डोंगरावर समतल चर खोदले गेले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, पाणी मुरू लागलं. पण मला या गावाकडून घ्यावीशी वाटते ती त्यापुढची गोष्ट, पाण्याचा ताळेबंद. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपासचा. पावसाळा सरला की किती पडला, किती मुरला, विहिरींची पातळी काय, हे मोजतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यातलं सुमारे सत्तर टक्के शेतीला देतात, तीस टक्के जमिनीतच राहू देतात. रब्बीला काय पेरायचं ते त्यानंतर ठरतं.

पायांच्या व्यायामालाही हाच हिशेब लावा. या आठवड्यात शेतात, घरात, नोकरीत पायांवर किती काम पडणार आहे ते आधी बघा. पोळ कांद्याची काढणी किंवा रांगड्याची लागवड चालू असेल, दिवसभर उकिडवं बसून वाफ्यात सरकायचं असेल, तर त्या दिवशी मांड्यांचा व्यायाम झालेला आहे. त्यावर संध्याकाळी बैठका घातल्या तर ताकद वाढत नाही, गुडघे मात्र कुरकुरू लागतात. वीज रात्रीची आली आणि कडाक्याच्या थंडीत दारं धरली, तर दुसऱ्या दिवशीचा व्यायाम पुढे ढकला. ताकद व्यायाम करताना वाढत नाही, नंतरच्या झोपेत आणि जेवणात वाढते. झोप गेली की केलेल्या कष्टाचं पीक हाती येत नाही. आणि व्यायामाच्या दिवशीसुद्धा अंगात आहे ती सगळी ताकद उपसू नका. प्रत्येक सेट असा संपवा की आणखी दोन-तीन वेळा करता आलं असतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त थंडीच्या आणि वसंताच्या दिवसांत, तेही स्निग्ध खाणाऱ्या बलवानांनी, अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असं सांगितलं आहे. आजचे प्रशिक्षकही सेटमध्ये थोडी ताकद राखून ठेवायलाच सांगतात.

सायकलवाल्याने सायकल सोडून वजन का उचलायचं, ही शंका मला नेहमी विचारली जाते. नॉर्वेतले संशोधक बेंट रोनेस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या सायकलपटूंवर याचा अभ्यास केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात काही सायकलपटूंनी बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांचे जड व्यायाम आपल्या नेहमीच्या सायकलिंगला जोडले. अर्धी बैठक, एका पायाने वजन ढकलणं, मांडी वर ओढणं आणि पोटरी उचलणं, एवढेच व्यायाम होते. वजन मात्र असं की चार ते दहा वेळांच्या वर उचलता येऊ नये. नुसतंच सायकलिंग करणाऱ्यांपेक्षा ते पुढे गेले. पुढचे तेरा आठवडे आठवड्यातून एकदाच व्यायाम करूनही कमावलेली ताकद टिकली. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तेरा-चौदा आठवडे मन लावून केलं, तर पुढचे काही महिने आठवड्यातला एक वार पुरतो.

आता तालमीबद्दल. नगर जिल्हा कुस्तीचा, त्यामुळे बैठका कोणाला शिकवाव्या लागत नाहीत. पण तालमीतली बैठक आणि सायकलसाठीची बैठक यांचं काम निराळं आहे. दोनशे-तीनशे बैठका झपाट्याने घातल्या की दमसास वाढतो, घाम निघतो, मांड्या तापतात. दाब वाढवण्याचं काम मात्र पहिल्या काही आठवड्यांनंतर त्यातून होत नाही, कारण प्रत्येक बैठकीत उचललेलं वजन तेच राहतं. सायकलसाठी संख्या कमी करा आणि वजन वाढवा. शंभर बैठका सहज घालणाऱ्या तरुणाला छातीशी वीस किलो धरून सावकाश दहा बैठका घालायला सांगा, सातव्या-आठव्यालाच त्याला फरक कळतो.

बैठक अशी घाला. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, पावलं किंचित बाहेर वळलेली. मागे पाट ठेवला आहे असं समजून कंबर मागे आणि खाली न्या. खाली जायला तीन मोजा, तळाशी क्षणभर थांबा, वर येताना जोर लावा. टाचा जमिनीवर राहू द्या. तालमीत टाचा उचलून चवड्यांवर बैठक घालतात, ती पैलवानाला सरावाची असते. पण टाच उचलली की गुडघ्यावरचा भार वाढतो, आणि ज्याचे गुडघे आधीच बोलतात त्याने ती टाळावी. गुडघे पावलांच्या दिशेनेच वाकू द्या, आत कोसळू देऊ नका. हे आरशात किंवा दुसऱ्याला समोर उभं करून तपासा, कारण करणाऱ्याला स्वतःला ते जाणवत नाही. किती खाली जायचं? जिथपर्यंत पाठ सरळ राहते आणि टाच उचलत नाही तिथपर्यंत. गावाकडच्या माणसाला उकिडवं बसायची सवय असते, त्याला खोल जाता येतं. खुर्चीवर आयुष्य गेलेल्या शहरातल्या माणसाने मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत गेलं तरी पुरे.

वजनासाठी पाण्याच्या कॅनइतकं सोयीचं साधन मी पाहिलेलं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पहिल्या आठवड्यात पाच लिटर भरा, छातीशी दोन्ही हातांनी कवटाळा, झाकण घट्ट लावा. दर आठवड्याला एक-दोन लिटर वाढवत गेलात की संक्रांतीपर्यंत कॅन भरलेला असतो. किती वाढलं याचा अंदाज बांधावा लागत नाही, कॅनवरच्या खुणा दिसतात. धान्याची गोणी खांद्यावर घेऊन बैठका घालणारे मी पाहतो, त्यांना माझी विनंती आहे की पन्नास किलोची गोणी व्यायामासाठी घेऊ नका. ती एका बाजूला कलते आणि कंबर जाते.

बैठकीइतकाच, किंबहुना सायकलसाठी तिच्याहून उपयोगी व्यायाम म्हणजे ओट्यावर चढणं. सायकलवर दोन्ही पाय एकदम कधीच जोर लावत नाहीत. एक ढकलतो तेव्हा दुसरा वर येतो. म्हणून एका पायाचा व्यायाम हवा. घराचा ओटा, शाळेची किंवा देवळाची पायरी, उंची गुडघ्याच्या थोडी खाली. उजवं पाऊल पूर्ण ओट्यावर ठेवा आणि फक्त त्याच पायाच्या जोरावर वर या. खालच्या पायाने उडी मारून मदत घ्यायचा मोह होतो, तो आवरा. त्यासाठी खालच्या पायाची बोटं आधीच वर उचलून धरा, टाचेवर उभं राहून उडी मारता येत नाही. उतरताना तीन मोजत उतरा. एका पायाने आठ, मग दुसऱ्याने आठ. बहुतेकांचा एक पाय कच्चा निघतो. सुरुवात त्याच पायाने करा आणि दुसऱ्याने त्याच्याएवढंच करा, जास्त नाही. जमू लागलं की पाठीवर सॅक घ्या, तिच्यात पाण्याच्या बाटल्या.

बाकीचे तीन व्यायाम लवकर शिकता येतात. उताणं झोपून, गुडघे वाकवून, टाचांवर जोर देत कंबर उचलायची, पुढे हेच एका पायावर. यातून नितंब आणि मांडीची मागची बाजू तयार होते, सायकलवर नुसत्या पुढच्या मांडीवर भार पडत नाही. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली-वर करायच्या, पोटऱ्यांसाठी. आणि कोपरांवर व पायांच्या बोटांवर शरीर फळीसारखं सरळ धरून अर्धा ते एक मिनिट थांबायचं. पोट आणि कंबर ढिली असली तर मांडीचा जोर पायडलपर्यंत पोचायच्या आधी हँडलवर डुलण्यात जातो.

पहिले तीन आठवडे वजन घेऊच नका किंवा अगदी थोडं घ्या. प्रत्येक व्यायाम बारा ते पंधरा वेळा, दोन सेट. या काळात ताकद भराभर वाढल्यासारखी वाटते, कारण मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू अजून वाढलेला नसतो आणि गुडघ्याजवळचे स्नायुबंध तर त्याहून सावकाश तयार होतात. नेमक्या याच टप्प्यावर उत्साही माणूस वजन दुप्पट करतो आणि महिनाभर लंगडतो. चौथ्या आठवड्यापासून आठ ते दहा वेळा, तीन सेट, वजन दर आठवड्याला थोडं पुढे. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं खरी विश्रांती. डिसेंबरच्या मध्यावर एक आठवडा सगळं निम्म्यावर आणा, हुरड्याला जा, पाहुणे करा. नंतरचे सहा-सात आठवडे बैठक आणि ओटा या दोन व्यायामांत पाच ते आठ वेळा, वजन जड. आठवड्यातले दोन वार, मध्ये निदान दोन दिवस मोकळे. तीन वार केले तर लवकर होईल असं वाटतं, पण शेतकऱ्याच्या आणि रोज सायकलने कॉलेजला जाणाऱ्याच्या पायांवर आधीच पुरेसं काम असतं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी शरीराच्याच वजनावर व्यायाम करावेत, वजन घ्यायचं तर शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली. रक्तदाब, हृदयविकार, साखर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये. जोर लावताना श्वास सोडा.

हे सगळं करून सायकलची सीट खाली असेल तर गुडघ्यांना त्रास होईल आणि कष्ट फुकट जातील. आपल्याकडे घरातली सायकल तिघं-चौघं वापरतात आणि सीट सर्वात बुटक्याच्या मापाची ठेवलेली असते. मोजायचं असं: भिंतीला हात टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, कंबर मात्र कलता कामा नये. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढे, वाटीजवळ दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या खोबणीत दुखत असेल तर बहुधा वर आहे. पाच-पाच मिलिमीटरने बदला आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस चालवून पाहा.

नोव्हेंबर-डिसेंबरात सायकलिंग सोडू नका, सोपं ठेवा. बोलता येईल एवढ्याच वेगाने, हलक्या पायांनी. जानेवारीत आठवड्यातून एकदा चढ घ्या. नगरजवळ यासाठी पाथर्डी रस्त्यावरच्या शहा डोंगराइतकी चांगली जागा नाही. लोक त्याला चांदबिबी महाल म्हणतात, प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. चढ एकसारखा आहे आणि मधे वळून पुन्हा खाली येता येतं. ज्यांचे पाय तयार झाले आहेत त्यांना पुढे करंजी घाट आहे, संभाजीनगर रस्त्यावर इमामपूर घाट आहे, पण तिथे वाहतूक जड असते. गिअरची सायकल असेल तर तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत एक गिअर जड ठेवून, बसूनच, मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांनी चढा, मग तितकाच वेळ हलकं चालवा. असे चार तुकडे पुरेत. बिनगिअरच्या सायकलला चढ स्वतःच जड असतो, तिथे जोर वाढवायला नको. उभं राहून मारावं लागलं तर मारा, पण सायकल डावी-उजवी ओढू नका.

हिवरे बाजारात आलात तर सायकल रस्त्यावरच ठेवा. डोंगरावरचे चर आणि बांध गावाने हाताने खोदले आहेत आणि तिथलं गवत चराईबंदीमुळे उभं आहे. चाकांनी पायवाट पडली की पाणी त्याच वाटेने वाहून जातं. डोंगर बघायचा तर ग्रामपंचायतीत विचारून पायी चढा, पायांना तोही उत्तम व्यायाम आहे.

थंडीत घाईने सुरुवात करू नका. डिसेंबर-जानेवारीत नगरचा पारा दहा अंशांखाली जातो. सकाळी गुडघे झाका, पंधरा मिनिटं चालून किंवा अगदी हलकी सायकल मारून अंग तापवा, वजनाविना दहा-बारा बैठका घाला, मग कॅन उचला. जमत असेल तर व्यायाम संध्याकाळी पाचच्या सुमारास ठेवा. दिवसभराच्या हालचालीने सांधे मोकळे झालेले असतात. पहाटे रस्त्यावर निघण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. हिवरे बाजारात ऊस घेत नाहीत, पण जिल्हाभर कारखान्यांचे गळीत हंगाम याच महिन्यांत चालू असतात. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात रस्त्याकडेला उभ्या असतात, पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला असतो. उजाडल्याशिवाय हायवेवर जाऊ नका. जावंच लागलं तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, अंगात चकाकणारं जॅकेट, आणि थांबलेल्या ट्रॉलीला ओलांडण्याआधी मागे वळून पाहणं, यात कसूर नको. मुलांना ट्रॉलीचा ऊस ओढायला सायकल जवळ नेऊ देऊ नका.

खाण्याचं महागडं काही लागत नाही. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं मिळाली तर पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पंच्याहत्तर ते नव्वद ग्रॅम. चार बाजरीच्या भाकरींतून जवळपास तीस, अर्धा लिटर दुधातून सोळा, दीड-दोन मुठी शेंगदाण्यांतून बारा, वाटीभर कोरडी मटकी भिजवून केलेल्या उसळीतून सतरा-अठरा. आकडा गाठला. अंडी खात असाल तर दर अंड्याला सहा. हिवऱ्यासारख्या दुधाच्या गावात तरी दूध सगळं डेअरीला घालून घरात काळा चहा राहू नये, वाढत्या मुलांसाठी अर्धा लिटर राखून ठेवा. प्रथिनं एका जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळच्या जेवणांत वाटली तर बरी. तीळ, गूळ, तूप हे या ऋतूचं खाणं आहेच, त्याला घाबरू नका. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पडतं, सायकलवर बाटली असू द्या.

मुलींबद्दल आणि बायकांबद्दल एक गोष्ट निक्षून सांगतो. नियमाने व्यायाम करूनही चढावर धाप लागत असेल, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. स्त्रियांमध्ये ते बारापेक्षा कमी असेल तर रक्तक्षय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. अळिवाचे लाडू, पालेभाजी, त्यावर लिंबू किंवा सोबत आवळा, हे चालू ठेवाच, पण कमतरता जास्त असेल तर नुसत्या खाण्याने ती भरून निघत नाही. रक्त कमी असताना मुलीला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

दुखणं कोणतं चालवून घ्यायचं आणि कोणतं नाही, हे ओळखायला शिका. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीच्या मांसल भागात ठणका लागतो, दोन्ही पायांत सारखा. तो आपोआप जातो, हलकी सायकल मारली तर तेवढ्यापुरता कमी वाटतो. सांध्यात, एकाच जागी, टोचल्यासारखं दुखलं, सूज आली, किंवा व्यायामातली कळ दुसऱ्या दिवशीही राहिली, तर तो व्यायाम थांबवा. गुडघा नाजूक असेल तर काही आठवडे बैठकीऐवजी भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत वीस-तीस सेकंद स्थिर राहा, तेही कळ येणार नाही एवढ्याच खोलीवर.

रथसप्तमीच्या सुमारास एकदा मोजा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ज्या चढाला जेवढा वेळ लागला तो वहीत लिहून ठेवलेला असावा. त्याच सायकलवर, त्याच चढावर, वारा नसलेल्या दिवशी पुन्हा वेळ घ्या. पुढे दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, ज्वारीची काढणी येते, उन्हं तापतात. तेव्हा आठवड्यातला एकच वार ठेवा, बैठक आणि ओटा, प्रत्येकी दोन सेट. वजन जानेवारीतलंच राहू द्या, कमी करायचे ते सेट. आणि लांबच्या चढाचा बेत असेल त्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम घेऊ नका, दोन दिवस आधी उरकून टाका.